प्रवरेचा गाळ आणि सागरतळीचे अरित्रपाद

महाराष्ट्राच्या प्राचीन इतिहासाची साधने कोणती, असा प्रश्न केला असता शिलालेख, ताम्रपट, नाणी, उत्खननात मिळणारी खापरे आणि जुने ग्रंथ ही नावे आपण सहज घेतो. या यादीत बंगालच्या उपसागराच्या तळाशी साचलेल्या चिखलाचा समावेश करावा, अशी सूचना कोणी अर्धशतकापूर्वी केली असती तर ती थट्टाच समजली गेली असती. आज मात्र ती गंभीरपणे करणे प्राप्त आहे. पूर्वीच्या अहमदनगर आणि २०२४ पासूनच्या अहिल्यानगर जिल्ह्यातून नद्यांनी सहस्रावधी वर्षे जी माती वाहून नेली, तिचा काही हिशेब त्या चिखलात सापडू लागला आहे. त्याच सागरतळावर काही ठिकाणी मिथेन वायू पाझरतो आणि त्या पाझरांभोवती सूर्यप्रकाशावाचून जगणारी एक वस्ती आहे. जगभरच्या अशा वस्त्यांतील संख्येने मोठे पण आकाराने अत्यंत लहान असे रहिवासी म्हणजे खेकड्याच्या व कोळंबीच्या गोत्रातील सूक्ष्म कवचधर प्राणी होत. नगरची माती आणि हे जीव यांचा संबंध कोठवर खरा आहे व कोठे तो केवळ कल्पनेचा खेळ ठरतो, हे ठरविणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

प्रथम भूगोलाचा एक मुद्दा स्पष्ट करावयास हवा, कारण त्याकडे इतिहासलेखकांचे सहसा लक्ष जात नाही. सुमारे १७,००० चौरस किलोमीटरांचा हा जिल्हा दोन खोऱ्यांत विभागलेला आहे. हरिश्चंद्र-बालाघाट डोंगररांगेच्या उत्तरेस पडलेले पाणी प्रवरा आणि मुळा यांच्या वाटे गोदावरीस मिळते. दक्षिणेस पडलेले पाणी सीना व भीमा यांच्या वाटे कृष्णेस जाते. म्हणजे एकाच टेकडीच्या दोन उतारांवर पडलेले दोन थेंब एकमेकांस कायमचे अंतरतात, असे वाटावे. परंतु तसे घडत नाही. गोदावरी आणि कृष्णा या दोन्ही नद्या आंध्रच्या किनाऱ्यावर एकमेकींच्या शेजारीच समुद्रास मिळतात, आणि त्यांनी आणलेला गाळ ज्या खोलगट प्रदेशात साचतो त्यास भूशास्त्रज्ञ कृष्णा-गोदावरी द्रोणी असे एकच नाव देतात. जिल्ह्याच्या दोन्ही अंगांची माती अखेर एका ठिकाणी येते. भारताच्या सागरी हद्दीतील मिथेनचे पाझर जेथे प्रथम आढळले, ते ठिकाण हेच.

आता शब्दांविषयी थोडेसे. प्रस्तुत लेखकाचा विषय भाषाशास्त्र असल्यामुळे हा मोह टाळता येत नाही, आणि तो टाळण्याचे कारणही दिसत नाही. सागरतळातून थंड अवस्थेत हळूहळू बाहेर पडणाऱ्या वायूच्या स्थानास मराठीत काय म्हणावे? ‘झरा’ हा शब्द काहींनी सुचविला असता. पण झऱ्यास वाहते अंग असते, त्याचा आवाज येतो, त्यावर कळशी भरता येते. येथे जे घडते ते तसे नाही. नगर जिल्ह्यातील शेतकऱ्यास ‘पाझर’ हा शब्द चांगला ठाऊक आहे. १९७२ च्या दुष्काळात जे पाझर तलाव गावोगावी खोदले गेले, त्यांनी हा शब्द सरकारी कागदांतही रूढ केला. पाणी दिसत नाही, पण खालच्या विहिरीची पातळी वाढते. ही जी मूक व संथ क्रिया, तिला पाझर म्हणतात. या शब्दातील ‘झर’ या अंशाचे नाते संस्कृत ‘क्षर्’ धातूशी आहे. ‘क्ष’चा ‘झ’ होणे हा प्राकृतातील सुपरिचित ध्वनिविकार आहे. तेव्हा ‘शीत पाझर’ ही संज्ञा आपणांस बाहेरून आणावी लागत नाही.

त्या प्राण्यांच्या नावाचा प्रश्न याहून अवघड आहे. कवचधर वर्गातील जे सूक्ष्म जीव या पाझरांवर विपुल असतात, त्यांतील प्रमुख गण ग्रीक शब्दांवरून कोपेपोडा या नावाने ओळखला जातो. ‘कोपे’ म्हणजे वल्हे व ‘पोद’ म्हणजे पाय. संस्कृत ‘अरित्र’ म्हणजेही वल्हेच; म्हणून ‘अरित्रपाद’ हे नाव शास्त्रीय लेखनात योग्य ठरते. या गणाच्या दहा हजारांहून अधिक जाती आजवर वर्णिल्या गेल्या आहेत आणि समुद्रापासून डबक्यापर्यंत त्यांचा संचार आहे. बहुतेकांची लांबी अर्ध्या मिलिमीटरापासून एक-दोन मिलिमीटरांपर्यंत असते. समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर असलेल्या नगरच्या वाचकास हे प्राणी सर्वस्वी परके वाटावयाचे कारण नाही. आठवड्याच्या बाजारात सुकट म्हणून जो वाळवलेला जवळा विकला जातो, तो याच कवचधर वर्गातला. त्याहूनही जवळचा आणि दुर्दैवाने अधिक परिचित असा अरित्रपाद म्हणजे विहिरींच्या व बारवांच्या पाण्यातील ‘सायक्लॉप्स’ होय. ग्रीक कथांतील एकाक्ष राक्षसावरून त्यास हे नाव मिळाले, कारण त्याच्या डोक्यावर एकच डोळा असतो. नारूच्या जंताची अळी याच जीवाच्या शरीरात वाढे, आणि पायऱ्या उतरून गुडघाभर पाण्यात उभे राहून भरलेल्या घागरीतून ती माणसाच्या पोटात जाई. भारतातील नारूचा शेवटचा रुग्ण १९९६ साली राजस्थानात नोंदला गेला व २००० साली देश नारूमुक्त ठरला. पुष्कळ पिढ्यांनी ज्याच्यामुळे पायाच्या जखमा सोसल्या, त्या प्राण्यास मराठीत स्वतंत्र नाव मात्र मिळाले नाही. रोगास नाव मिळाले, वाहकास नाही. डोळ्यांना जे ठिपक्याएवढे दिसते त्याला भाषा सहसा नाव देत नाही, असा एक निष्कर्ष यावरून काढता येईल.

हेच शास्त्राच्या इतिहासातही घडले आहे. भारतीय समुद्रांच्या खोल तळाचा शोध घेणाऱ्या ‘इन्व्हेस्टिगेटर’ या जहाजावर १८८८ ते १८९२ या काळात आल्कॉक हे शल्यचिकित्सक-निसर्गशास्त्रज्ञ म्हणून होते. बंगालच्या उपसागरातून जाळ्याने ओढून काढलेल्या खेकड्यांचे व कोळंबीसदृश प्राण्यांचे त्यांनी केलेले वर्णन आजही आधारभूत मानले जाते. या प्रवासांवरील त्यांचे पुस्तक १९०२ साली प्रसिद्ध झाले. परंतु त्या जाळ्याच्या छिद्रांतून अरित्रपाद सहज निसटून जात. पुढे त्याच परंपरेतील स्यूअल यांनी भारतीय समुद्रांतील अरित्रपादांचा विस्तृत अभ्यास केला आणि १९३३-३४ साली ‘मबाहिस’ या इजिप्ती जहाजावरून निघालेल्या जॉन मरे मोहिमेचे नेतृत्वही केले. तथापि त्यांचे बरेचसे लक्ष पाण्यात तरंगणाऱ्या जातींकडे होते. १९५९ ते १९६५ या काळातील आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहिमेने जे प्लवकांचे नमुने जमविले, त्यांच्या वर्गीकरणासाठी कोचीन येथे एक केंद्र उभारण्यात आले. या मोहिमेतूनच १ जानेवारी १९६६ रोजी गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचा जन्म झाला. तिचे पहिले संचालक डॉ. पणिक्कर हे स्वतः कोळंबीच्या शरीरक्रियेचे अभ्यासक होते, ही गोष्ट योगायोगाची असली तरी नमूद करावीशी वाटते.

एवढे होऊनही समुद्राच्या तळाशी सूर्यावाचून चालणारी अन्नव्यवस्था असू शकेल, हे कोणाच्या ध्यानी आले नव्हते. १९७७ साली गॅलापागोस बेटांजवळ उष्ण पाण्याच्या झोतांभोवती अशी वस्ती प्रथम दिसली. फ्लॉरिडाच्या कड्याच्या पायथ्याशी, तीन हजारांहून अधिक मीटर खोलीवर, थंड पाझरावरील वस्ती आढळल्याचे १९८४ साली प्रसिद्ध झाले. तेथून पुढे असे पाझर निरनिराळ्या समुद्रांत मिळत गेले.

या वस्तीची रचना थोडक्यात अशी आहे. वाऱ्याचा संपर्क नसलेल्या चिखलात वनस्पतींचे व प्राण्यांचे अवशेष कुजले की सूक्ष्मजंतू त्यांचे मिथेन बनवितात. गावोगावच्या गोबरगॅसच्या टाकीत जे घडते, तेच येथे घडते. फरक एवढाच की टाकीची जागा शेकडो मीटर जाडीच्या गाळाने घेतलेली असते आणि काळाचे माप दिवसांचे नसून लक्षावधी वर्षांचेही असू शकते. थंडी आणि प्रचंड दाब यांमुळे यांतील बराचसा वायू पाण्याच्या रेणूंच्या जाळ्यात अडकून बर्फासारखा घट्ट होतो. उरलेला भेगांवाटे वर येतो. तळाच्या वरच्या थरात त्याला समुद्राच्या पाण्यातील सल्फेट भेटते, आणि दोन जातींचे सूक्ष्मजंतू परस्परांच्या साह्याने त्याचे विघटन करतात. हे सहकार्य २००० साली प्रत्यक्ष दाखविले गेले. त्यातून निर्माण होणाऱ्या हायड्रोजन सल्फाइडवर दुसरे जंतू जगतात. शिंपले व नलिकाकृमी या जंतूंना आपल्या देहातच आश्रय देतात. अरित्रपादांनी ही युक्ती बहुधा स्वीकारलेली नाही. ते शिंपल्यांच्या व नळ्यांच्या दाटीत सरपटत फिरतात आणि पृष्ठभागावर चढलेला जंतूंचा पातळ लेप खरवडून खातात. सल्फाइड त्यांना विषवत् असल्यामुळे पाझराच्या अगदी मुखापाशी त्यांची संख्या रोडावते व कडेकडेने वाढते. मेक्सिकोच्या आखातातील पाझरांवर त्यांचा स्वतंत्र अभ्यास झालेला आहे. ते मिथेनपासूनचे अन्न खातात की वरून पडणारे, हे त्यांच्या देहातील कार्बनच्या प्रकारांवरून ओळखता येते, कारण जंतूंनी बनविलेल्या मिथेनमध्ये जड कार्बनचे प्रमाण फार कमी असते.

कृष्णा-गोदावरी द्रोणीतील शोध अलीकडचा आहे. तेथे घट्ट मिथेनचा साठा आहे हे २००६ सालच्या राष्ट्रीय मोहिमेत, ‘जॉइडिस रेझोल्यूशन’ या वेधनजहाजाने केलेल्या छिद्रांमुळे निश्चित झाले. एका ठिकाणी तो थर सुमारे १३० मीटर जाडीचा आढळला. वाहते पाझर व त्यांवरील जिवंत वस्ती यांची पहिली नोंद मात्र २०१९ साली, गोव्याच्या संस्थेतील शास्त्रज्ञांच्या निबंधात प्रसिद्ध झाली. समुद्राची खोली ९०० ते १,८०० मीटर. ध्वनियंत्रावर पाण्यात उठणाऱ्या बुडबुड्यांच्या ज्वालेसारख्या आकृती. आणि तळाखाली अवघ्या दोन-तीन मीटरांवर घट्ट मिथेन, असे त्याचे स्वरूप होते. निबंधाच्या सारांशात ज्या कुळांचा निर्देश आहे ती शिंपल्यांची, नलिकाकृमींची आणि गोगलगायींची आहेत. कवचधरांचे नाव तेथे नाही. आल्कॉक यांच्या काळी जे घडले त्याचाच हा पुढचा अंक म्हणावयाचा: जे मोठे, ते आधी.

येथपर्यंत नगरचा संबंध केवळ नदीचा राहिला. तो इतिहासाचा कसा होतो, हे आता पाहावयाचे आहे.

वर उल्लेखिलेल्या २००६ च्या मोहिमेतच गोदावरीच्या मुखासमोर, सुमारे १,२७० मीटर खोलीवरून, गाळाचा एक स्तंभ काढण्यात आला. उद्देश वायूचा शोध हा होता. पण त्या स्तंभाच्या वरच्या साडेआठ मीटरांत गेल्या सुमारे ११,००० वर्षांचा गाळ क्रमाने साचलेला निघाला. २०१२ साली त्यातील पानांवरील मेणाच्या अंशाचा अभ्यास प्रसिद्ध झाला. वनस्पती कोरड्या हवेतली की ओल्या, हे या मेणाच्या कार्बनवरून समजते. निष्कर्ष असा निघाला की सुमारे ४,००० वर्षांपूर्वीपासून १,७०० वर्षांपूर्वीपर्यंत गोदावरीच्या खोऱ्यात कोरड्या हवामानातील वनस्पती हळूहळू वाढत गेल्या व पुढे त्याच टिकून राहिल्या. २०१७ साली त्याच स्तंभावरून मातीच्या धुपीचा इतिहास मांडण्यात आला. दख्खनच्या काळ्या पाषाणातून आलेली माती आणि पूर्वेकडील अतिप्राचीन खडकांतून आलेली माती यांची रासायनिक खूण भिन्न असल्यामुळे, कोणत्या काळी कोठून किती गाळ आला हे सांगता येते. पाऊस कमी झाला तेव्हा धूप कमी न होता वाढली. पुढे दख्खनवर शेती आली, आणि लोहयुगात ती पसरली, तेव्हा ती आणखी वाढली.

पाऊस कमी आणि धूप अधिक, हे विधान पुस्तकी वाचकास विसंगत वाटेल. नगरच्या शेतकऱ्यास वाटणार नाही. गवत व झाडी जाऊन उघडी पडलेली जमीन वळवाच्या एका सरीत कशी वाहून जाते, हे त्याने दर वर्षी पाहिलेले असते. संगमनेरच्या बाजूस प्रवरेच्या काठी ज्या खोल घळी पडल्या आहेत, त्या याच क्रियेच्या साक्षी होत. समुद्रात पोहोचलेल्या सेंद्रिय द्रव्याचे वयही या काळात वाढलेले दिसते. म्हणजे केवळ वरची ताजी माती नव्हे, तर पूर्वी दीर्घकाळ पडून राहिलेली जुनी मातीही उखडली जाऊ लागली होती.

या तारखा प्रवरेच्या काठच्या पुरातत्त्वाशी लावून पाहण्याजोग्या आहेत. संगमनेर तालुक्यातील जोर्वे येथे डॉ. सांकलिया व डॉ. देव यांनी १९५०-५१ साली उत्खनन केले आणि दख्खनच्या ताम्रपाषाणयुगीन संस्कृतीला त्या खेड्याचे नाव मिळाले. त्यानंतर डॉ. सांकलियांनी नेवासे येथे केलेले कार्य सर्वश्रुतच आहे. श्रीरामपूर तालुक्यातील दायमाबाद हे स्थळ १९५८ साली उजेडात आले. तेथे देशपांडे, राव व साळी यांच्या देखरेखीखाली झालेल्या उत्खननांत इ. स. पूर्वी सुमारे २२०० पासून १००० पर्यंतची वस्ती पाच टप्प्यांत उलगडली. १९७४ साली तेथे योगायोगाने सापडलेल्या, एकूण साठ किलोग्रॅमांहून अधिक वजनाच्या चार कांस्यमूर्ती (बैलांचा रथ, हत्ती, गेंडा व रेडा) सर्वांच्या परिचयाच्या आहेत. गेंडा व हत्ती पाहून त्या काळच्या झाडीची कल्पना अनेकांनी केली. पण मूर्ती ही प्रवास करू शकते, जंगल करू शकत नाही, हे ध्यानात ठेवलेले बरे. जोर्वे संस्कृतीचा ऱ्हास वाढत्या कोरडेपणामुळे झाला, ही उपपत्ती डॉ. ढवळीकर यांनी घोड नदीकाठच्या इनामगावच्या पुराव्यावरून मांडली होती. सागरतळीच्या स्तंभाने त्या उपपत्तीस स्वतंत्र दिशेने काही बळ मिळते. मात्र ते बळ मर्यादित आहे. स्तंभातील कोरडेपणा दोन सहस्रकांहून अधिक काळ हळूहळू वाढत गेलेला आहे. एखादे गाव एका पिढीत का ओस पडले, याचे उत्तर त्यातून मिळत नाही. शिवाय गोदावरीचे खोरे ३,१२,८१२ चौरस किलोमीटरांचे आहे. त्या सर्वांची माती एकत्र मिसळून आलेली असताना तिच्यातील अमुक थर दायमाबादचा, असे म्हणणे म्हणजे एखाद्या भाषेतील सर्व तद्भव शब्द एकाच गावच्या बोलीतून आले असे म्हणण्यासारखे आहे.

मग पाझरांवरील अरित्रपादांचा या इतिहासाशी संबंध काय? येथे एका आकर्षक वाक्याचा त्याग करावा लागतो. दायमाबादच्या शेतकऱ्याने उकरलेली माती समुद्रात गेली, तिचा वायू झाला आणि त्यावर हे सूक्ष्म जीव पोसले, असे म्हटले असते तर लेखास गोड शेवट लाभला असता. पण ते खरे नाही. मानवी शेतीच्या काळातील गाळ तळाच्या वरच्या काही मीटरांतच आहे. पाझरणारा मिथेन त्याखालच्या कितीतरी जुन्या गाळातून निर्माण होऊन भेगांवाटे वर आलेला आहे. तो गाळही नद्यांनीच आणला, त्यात दख्खनच्या पठाराचा वाटा होता. परंतु त्या वेळी प्रवरेच्या काठी नांगर नव्हता. दोन वेगवेगळ्या काळांची माती एकाच ठिकाणी एकावर एक पडली आहे. खालची जीवांना पोसते, वरची इतिहासकाराच्या उपयोगी पडते. अरित्रपाद वरच्या मातीवर सरपटतो आणि खालच्या मातीवर जगतो, एवढाच संबंध प्रमाणाने सिद्ध होतो. इतिहासाच्या विद्यार्थ्यास तो पुरेसा वाटावा, कारण साधनाची मर्यादा कळणे हेही साधन हाती येण्याइतकेच महत्त्वाचे आहे.

हे दोन्ही थर आज बदलत्या परिस्थितीत आहेत. खालच्या वायूकडे इंधन म्हणून पाहिले जाते. २०१५ साली ‘चिक्यू’ या जपानी जहाजाच्या साह्याने दुसरी राष्ट्रीय मोहीम झाली ती याच दृष्टीने. पाझरांतील सूक्ष्म कवचधरांची गणना व नामकरण वेधनाच्या आधी पुरे व्हावयास हवे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे; एकदा तळ विसकटला की पूर्वी तेथे काय होते हे सांगण्यास पुरावा उरत नाही. उत्खननशास्त्रातील हा पहिला धडा सागरतळासही लागू पडतो.

वरच्या थराची गोष्ट निराळी आहे. प्रवरेवर भंडारदऱ्याचे धरण १९२६ साली पुरे झाले, मुळेवर राहुरीजवळ बांध पडला, आणि १९७६ साली पैठणला नाथसागर भरू लागला. गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकांत गोदावरीच्या मुखाशी पोहोचणारा गाळ पूर्वीच्या निम्म्याहूनही खाली आला. सागरतळीच्या स्तंभात आपल्या काळाचा थर त्यामुळे फार पातळ निघेल. प्रवरेची आणि मुळेची माती आता समुद्राकडे जाण्याऐवजी बरीचशी धरणांच्या पोटात बसते. महाराष्ट्र शासनाने २०१७ साली सुरू केलेल्या योजनेनुसार धरणांतील व तलावांतील असा गाळ उन्हाळ्यात उकरला जातो आणि ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या भरभरून पुन्हा शेतांत नेऊन पसरला जातो.